कमिटीतली खुर्ची आणि कॉकसमधलं नाव: अमेरिकन खासदाराची यादी कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाला आपल्या भागाच्या प्रतिनिधिगृहातल्या खासदाराची भेट मिळाली आहे. मंडळाला तीन विषय मांडायचे आहेत: ग्रीन कार्डची रांग, मंदिर आणि मंडळाच्या वास्तूसाठी सुरक्षा अनुदान, आणि दिवाळीची केंद्रीय सुटी. खासदाराच्या वेबसाइटवर दोन कमिट्या आणि तीसेक कॉकसची, म्हणजे खासदारांच्या विषयवार संघटनांची, नावं आहेत आणि त्यात इंडिया कॉकसही आहे. 'ते इंडिया कॉकसमध्ये आहेत, म्हणजे काम सोपं' असं कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांचं मत आहे. हे बरोबर आहे का, आणि त्या यादीचा उपयोग करायचा कसा?

बरोबर नाही. इंडिया कॉकसमधल्या नावाने तुमचा एकही विषय पुढे सरकत नाही. तिन्ही विषय वेगवेगळ्या कमिट्यांच्या अखत्यारीत येतात. तुमचा खासदार त्यांपैकी कुठल्या कमिटीवर आहे, तिथे त्याचा क्रमांक कितवा आहे आणि तो कुठल्या उपसमितीवर बसतो, यावर भेटीत काय मागायचं ते ठरतं. तरीही कॉकस निरुपयोगी नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी कमिटी. भारतातली संसद पाहत मोठे झालेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे खात्यांशी संलग्न 24 स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. पण विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे असं बंधन नाही आणि समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. त्यामुळे 'अमुक समितीचे सदस्य' हे आपल्या कानांना मानाचं पद वाटतं. अमेरिकेत विधेयक मांडलं की ते त्या विषयाच्या कमिटीकडेच जातं आणि बहुतेक विधेयकं तिथेच संपतात. कमिटीच्या अध्यक्षाने विषयपत्रिकेवर घेतलं नाही, तर विधेयकाच्या बाजूने शंभर सह्या असल्या तरी ते दोन वर्षं पडून राहतं आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या संसदेची, मुदत संपली की आपोआप रद्द होतं. पुढच्या काँग्रेसमध्ये नवा क्रमांक, नव्याने सुरुवात.

प्रतिनिधिगृहात 20 स्थायी कमिट्या आहेत. कोणाच्या अखत्यारीत काय, हे गृहाच्या नियम 10 मध्ये लिहिलेलं आहे. वीसही कमिट्यांची विषयसूची एकदा बसून वाचावी असा आग्रह धरतो, कारण मंडळांच्या निम्म्या चुका तिथेच होतात. इमिग्रेशन ज्युडिशिअरी (न्यायविषयक) कमिटीकडे आहे, फॉरेन अफेअर्सकडे (परराष्ट्र) नाही. त्यामुळे फॉरेन अफेअर्सवरच्या सदस्यापुढे ग्रीन कार्डचं गाऱ्हाणं मांडलं तर तो सहानुभूतीने ऐकेल आणि विषय तिथेच संपेल. भारत आणि अमेरिका दोन्हीकडे नोकरी केलेल्यांचा सोशल सिक्युरिटीचा प्रश्न वेज अँड मीन्स या करविषयक कमिटीकडे जातो, तर केंद्रीय सुट्ट्या आणि पोस्ट ऑफिसांची नावं सरकारी कारभारावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसाइट कमिटीकडे. अन्नकूपनांचा स्नॅप कार्यक्रम शेतीच्या कायद्यात येतो, म्हणून तो अ‍ॅग्रिकल्चर कमिटीकडे.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबू, कारण आपल्या ओळखीच्या एका नावाची यादी त्यामुळे नीट वाचता येते. बेळगावात वाढलेले, मराठी मातृभाषा असलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघातून निवडून आले आणि 3 जानेवारी 2023 पासून प्रतिनिधिगृहात आहेत. डेट्रॉईट शहराचा मोठा भाग या मतदारसंघात येतो. 118 व्या काँग्रेसमध्ये (2023-24) त्यांच्याकडे होमलँड सिक्युरिटी आणि स्मॉल बिझनेस या दोन कमिट्या होत्या. होमलँड सिक्युरिटीतल्या वाहतूक आणि सागरी सुरक्षेच्या उपसमितीवर ते रँकिंग मेंबर, म्हणजे अल्पमतातल्या पक्षाचे तिथले प्रमुख होते. 2025 मध्ये 119 वी काँग्रेस सुरू झाली तेव्हा होमलँड सिक्युरिटी कायम राहिली, तिथल्या चौकशी आणि उत्तरदायित्वाच्या उपसमितीचं रँकिंग मेंबरपद आलं आणि दुसरी कमिटी म्हणून अ‍ॅग्रिकल्चर मिळाली.

डेट्रॉईटसारख्या शहराच्या खासदाराला शेतीची कमिटी कशाला, असं वाटेल. पण अ‍ॅग्रिकल्चरच्या टेबलावर सगळ्यात मोठी रक्कम अन्नसाहाय्याची असते आणि शहरी गरीब मतदारसंघाला तीच लागते. होमलँड सिक्युरिटीचंही तसंच. डेट्रॉईट नदीच्या पलीकडे कॅनडाचं विंडसर आहे आणि मधले पूल आणि बोगदा म्हणजे सरहद्द, कस्टम्स, ट्रकांच्या रांगा. कमिटीचं नाव आणि मतदारसंघाची गरज अशी जुळवून पाहिली की खासदार कुठे जोर लावेल ते कळतं. आडनाव मराठी असलं तरी तेवढ्याने इमिग्रेशनचा विषय त्यांच्या कमिटीत येत नाही. ज्युडिशिअरी त्यांच्याकडे नाही.

खुर्ची मिळते कशी

खासदाराला कमिटी स्वतः घेता येत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर प्रत्येक सदस्य आपल्या पक्षाच्या स्टिअरिंग कमिटीकडे पसंतीक्रम देतो. डेमोक्रॅटांकडे तिचं नाव स्टिअरिंग अँड पॉलिसी कमिटी. तिथे प्रादेशिक प्रतिनिधी असतात, नेतृत्व असतं, आणि फोनाफोनी खूप चालते. दरम्यान दोन्ही पक्षांचे नेते कुठल्या कमिटीत किती जागा कोणाला ते ठरवतात. विधेयकावर गृहात चर्चा कशी व्हावी ते ठरवणाऱ्या रूल्स कमिटीत बहुमत कितीही निसटतं असलं तरी 9 विरुद्ध 4 असाच हिशेब चालत आला आहे, आणि तिच्यावरचे सदस्य पक्षनेता स्वतः निवडतो. एथिक्स कमिटीत दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान. बाकी कमिट्यांत साधारण गृहातल्या संख्याबळाच्या प्रमाणात.

स्टिअरिंग कमिटीची शिफारस पक्षाच्या पूर्ण बैठकीत मंजूर होते आणि मग गृहात ठराव येतो. त्या ठरावात नावं ज्या क्रमाने छापली जातात तीच सिनिऑरिटी. हे फार महत्त्वाचं आहे आणि फार कमी लोक पाहतात. हिअरिंगमध्ये, म्हणजे कमिटीच्या सुनावणीत, प्रश्न विचारायची पाळी, उपसमितीची निवड, पुढे अध्यक्षपद किंवा रँकिंग मेंबरपद, हे सगळं त्या क्रमाशी बांधलेलं आहे. डेमोक्रॅट उपसमित्या सिनिऑरिटीच्या क्रमाने मागून घेतात, रिपब्लिकनांकडे त्या वाटण्यात कमिटीच्या अध्यक्षाचा हात मोठा असतो. म्हणून यादी वाचताना 'ज्युडिशिअरी कमिटी' एवढंच वाचून थांबू नका. ज्युडिशिअरीवर असूनही इमिग्रेशनच्या उपसमितीवर नसलेला सदस्य तुमच्या विधेयकाच्या पहिल्या चर्चेला टेबलावर नसतो.

एका सदस्याला जास्तीत जास्त दोन स्थायी कमिट्या आणि चार उपसमित्या, असा गृहाचा नियम आहे. त्यातही काही कमिट्या एकटीच घ्यायच्या असतात. डेमोक्रॅटांच्या नियमात सरकारी खर्च मंजूर करणारी अ‍ॅप्रोप्रिएशन्स, वेज अँड मीन्स, एनर्जी अँड कॉमर्स, फायनान्शियल सर्व्हिसेस आणि रूल्स या त्या कमिट्या. सवलत मिळते, पण ती मागावी लागते. त्यामुळे ज्याच्या नावापुढे अ‍ॅप्रोप्रिएशन्स ही एकच कमिटी दिसते त्याला 'बिचाऱ्याला एकच मिळाली' असं समजू नका. त्या एका खुर्चीसाठी लोक दहा-दहा वर्षं थांबतात. बजेट कमिटीवर सलग किती वर्षं बसायचं याला मर्यादा आहे, म्हणून तिथली नावं फिरती असतात.

खुर्ची पक्षामार्फत मिळते, पण ती गृहाची असते. पक्ष सोडला तर कमिटी आपोआप जाते. आणि गृह साध्या बहुमताने काढूनही घेऊ शकतं. 4 फेब्रुवारी 2021 ला मार्जोरी टेलर ग्रीन यांना 230 विरुद्ध 199 मतांनी कमिट्यांवरून दूर केलं गेलं, 2 फेब्रुवारी 2023 ला इल्हान ओमर यांना 218 विरुद्ध 211 मतांनी फॉरेन अफेअर्सवरून. तेव्हा तुम्ही सहा महिन्यांपूर्वी छापून ठेवलेली यादी भेटीच्या दिवशी खरी असेलच असं नाही. राजीनामे होतात, कोणी मंत्रिपदावर जातं, मधल्या ठरावाने नवी नावं भरली जातात. भेटीच्या आदल्या दिवशी गृहाच्या क्लार्कच्या वेबसाइटवरची अधिकृत यादी पाहा. खासदाराच्या स्वतःच्या पानावर पूर्ण विसंबू नका. ते पान बहुतेक वेळा एखादा पंचविशीतला कर्मचारी सांभाळतो आणि त्याच्यापुढे इतर शंभर कामं असतात.

नावांचीही एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. नवी काँग्रेस आली की कधीकधी कमिटीचं नाव बदलतं. ओव्हरसाइट कमिटी 2019 पासून 'ओव्हरसाइट अँड रिफॉर्म' होती, 2023 मध्ये 'ओव्हरसाइट अँड अकाउंटेबिलिटी' झाली आणि 2025 मध्ये 'ओव्हरसाइट अँड गव्हर्नमेंट रिफॉर्म'. कमिटी तीच, कामही तेच. मंडळाच्या पत्रावर जुनं नाव असलं तरी काम अडत नाही, पण समोरच्या कर्मचाऱ्याला कळतं की तुम्ही जुना कागद पुन्हा छापून आणला आहे.

अल्पमतातल्या सदस्याकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही सांगायला हवं. रँकिंग मेंबर हिअरिंग बोलावू शकत नाही, विषयपत्रिका ठरवू शकत नाही, समन्सचा अधिकारही अध्यक्षाकडे. पण अल्पमताचा साक्षीदार कोण असावा, हे त्याच्या हातात असतं. तुमच्याकडे विषयाची खरी माहिती असलेला माणूस असेल, तर 'आमच्या विधेयकाला पाठिंबा द्या' यापेक्षा 'पुढच्या हिअरिंगला साक्षीदार लागला तर हे नाव लक्षात ठेवा' ही मागणी जास्त पदरात पडते. हिअरिंगची सूचना साधारण आठवडाभर आधी निघते आणि मार्कअपची, म्हणजे कलमवार दुरुस्त्यांच्या बैठकीची, निदान तीन दिवस आधी. म्हणून साक्षीदाराचं निवेदन आधीच लिहून तयार ठेवावं लागतं. बोलावणं आल्यावर लिहायला बसलात तर वेळ पुरत नाही. प्रत्येक सदस्याला साक्षीदाराला विचारायला पाच मिनिटं मिळतात. त्या पाच मिनिटांसाठी दोन चांगले प्रश्न लिहून दिलेत तर कर्मचारी ते आनंदाने घेतात.

कॉकस म्हणजे नेमकं काय

हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'डेमोक्रॅटिक कॉकस' म्हणजे त्या पक्षाचे गृहातले सगळे सदस्य. रिपब्लिकन त्याच गोष्टीला 'कॉन्फरन्स' म्हणतात. हा कॉकस कमिट्या मंजूर करतो, नेता निवडतो, त्याला खरी सत्ता आहे. खासदाराच्या पानावर जी तीस नावं दिसतात ती वेगळी. ती सदस्यांच्या संघटना आहेत आणि गृहाच्या हाउस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कमिटीकडे त्यांची नोंदणी होते. नाव, हेतू, पदाधिकारी आणि संपर्काचा कर्मचारी एवढं पत्रात लिहून दिलं की नोंदणी झाली. ती दर काँग्रेसला नव्याने करावी लागते. नोंदणी चुकली तर कॉकस कागदावर उरत नाही, पण पानावरचं नाव तसंच राहतं. नोंदणीकृत कॉकसची यादी ती कमिटी प्रसिद्ध करते. ती ताडून पाहणं दहा मिनिटांचं काम आहे.

1995 पर्यंत यांतल्या काहींना स्वतःची कचेरी, पगारी माणसं आणि खासदारांच्या भत्त्यातून वर्गणी अशी सोय होती. त्या वर्षी रिपब्लिकन बहुमताने ती व्यवस्था मोडली. आज कॉकसला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही, स्वतंत्र जागा नाही, बाहेरच्या संस्थेकडून पैसे किंवा सेवा घ्यायची मुभा नाही. काही मोठ्या कॉकसना सदस्यांच्या भत्त्यातून सामाईक कर्मचारी ठेवता येतात, बहुतेकांचं काम मात्र सहअध्यक्षाच्या ऑफिसातला एक माणूस इतर कामं सांभाळून करतो. मंडळाने 'कॉकसला देणगी' द्यायचा विचार कधीही करू नये. नावात कॉकस असलेल्या ज्या धर्मादाय संस्था दिसतात त्या कायद्याने वेगळ्या आहेत.

सदस्य व्हायला बहुधा एक ईमेल पुरतो. म्हणून तीस नावांपैकी वीस-बावीस ही कधीतरी सहकाऱ्याने विचारलं आणि हो म्हटलं अशा प्रकारची असतात. ओळखायचं कसं? सहअध्यक्ष असेल तर ते खरं. गेल्या दोन वर्षांत त्या विषयाच्या किती विधेयकांवर सही आहे आणि किती संयुक्त पत्रांवर नाव आहे ते पाहा. सही नाही, पत्र नाही, पद नाही, तर ते नाव विसरून जा.

सगळे कॉकस एका मापाचे नाहीत. 1971 चा ब्लॅक कॉकस, 1991 चा प्रोग्रेसिव्ह कॉकस, 1997 ची न्यू डेमोक्रॅट कोअलिशन, 2015 चा फ्रीडम कॉकस, 2017 चा प्रॉब्लेम सॉल्व्हर्स, यांचं वजन मोठं, आणि काहींत मतांची शिस्तही असते. फ्रीडम कॉकसमध्ये 80 टक्के सदस्य एका बाजूला गेले की बाकीच्यांनी त्या बाजूने मत द्यायचं असा संकेत आहे, आणि तिथे प्रवेश निमंत्रणाने मिळतो. प्रॉब्लेम सॉल्व्हर्सची पाठिंब्याची रेषा 75 टक्क्यांवर आहे. तुमचा खासदार अशा गटात असेल तर तो एकटा काय म्हणतो याइतकंच गट काय ठरवतो हेही विचारावं लागतं. देशांच्या नावाचे, आजारांच्या नावाचे, उद्योगांच्या नावाचे कॉकस या मापाने फार हलके आहेत.

प्रतिनिधिगृहातला इंडिया कॉकस 1993 मध्ये न्यू जर्सीचे फ्रँक पॅलोन आणि फ्लोरिडाचे बिल मॅकॉलम यांनी सुरू केला, सिनेटमधला 2004 चा. सहअध्यक्ष दोन्ही पक्षांतून एकेक, ही त्याची जमेची बाजू. 118 व्या काँग्रेसमध्ये रो खन्ना आणि माइक वॉल्ट्झ होते. जानेवारी 2025 मध्ये वॉल्ट्झ राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून गृहाबाहेर गेले. अशा वेळी कॉकसचा संपर्क कर्मचारीही बदलतो आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेली ईमेल कोणी वाचत नाही. याउलट 'समोसा कॉकस' हा शब्द वर्तमानपत्रांत खूप येतो, पण तशी नोंदणीकृत संघटना नाही. भारतीय वंशाच्या सदस्यांसाठी राजा कृष्णमूर्ती यांनी रूढ केलेलं ते कौतुकाचं नाव. 119 व्या काँग्रेसच्या सुरुवातीला प्रतिनिधिगृहात असे सहा सदस्य होते: अमी बेरा, कृष्णमूर्ती, खन्ना, प्रमिला जयपाल, ठाणेदार आणि सुहास सुब्रमण्यम. ठाणेदार यांनी सप्टेंबर 2023 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन अमेरिकनांचा कॉकस जाहीर केला. मंदिरांच्या प्रश्नावर सह्या गोळा करायच्या असतील तर अशा कॉकसची सदस्ययादी हाताशी ठेवावी.

या सहा नावांतून ग्रीन कार्डसाठी एकच नाव निवडायचं तर ते जयपाल यांचं, कारण ज्युडिशिअरीच्या इमिग्रेशन उपसमितीच्या त्या 2023 पासून रँकिंग मेंबर. बाकी पाच जण मनाने कितीही जवळचे असले तरी पहिलं टेबल त्यांचं नाही.

तुमचे तीन विषय

ग्रीन कार्डचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यात कमिटी आणि कॉकस दोघांचीही मर्यादा दिसते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड वर्षाला साधारण 1,40,000 आणि एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग लांबली. ही मर्यादा उठवणारं एच. आर. 1044 हे विधेयक 2019 मध्ये झोई लॉफग्रेन आणि केन बक यांनी आणलं. लॉफग्रेन तेव्हा ज्युडिशिअरीच्या इमिग्रेशन उपसमितीच्या अध्यक्ष होत्या. विधेयकावर 300 हून अधिक सह्या जमल्या. त्या जमवण्यात कॉकसच्या याद्या, जिल्ह्याजिल्ह्यातल्या भेटी आणि फोन यांचा मोठा वाटा. 10 जुलै 2019 ला ते नियम स्थगित करून थेट गृहात आलं. या मार्गात 40 मिनिटं चर्चा, दुरुस्त्या नाहीत, पण दोन तृतीयांश मतं लागतात. 365 विरुद्ध 65 ने ते मंजूर झालं.

आणि मग सिनेट. तिथल्या एस. 386 या जोडविधेयकावर एकेका सिनेटरने हरकत घेत वेळ खाल्ला. 2 डिसेंबर 2020 ला ते एकमताने मंजूर झालं, पण बदललेल्या मसुद्यात. दोन मसुदे एक व्हायच्या आत 3 जानेवारी 2021 उजाडला आणि दोन्ही गेले. पुढच्या काँग्रेसमध्ये ईगल अ‍ॅक्ट नावाने तोच विषय ज्युडिशिअरीतून बाहेर आला, डिसेंबर 2022 मध्ये गृहापुढे यायचा होता, आयत्या वेळी मागे घेतला गेला. यातून भेटीसाठी दोन गोष्टी घ्या. तुमचा खासदार ज्युडिशिअरीवर नसेल तर त्याच्याकडे मागायची वस्तू म्हणजे सह-प्रस्तावक म्हणून सही. ती विधेयक शेवटच्या कमिटीतून बाहेर येईपर्यंतच देता येते. आणि भेट कितीही छान झाली तरी त्याच आठवड्यात राज्याच्या दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसात जाऊन या. फक्त प्रतिनिधिगृहाकडे लक्ष देणं ही आपल्या लोकांची सगळ्यात महागडी चूक ठरली आहे.

सुरक्षा अनुदानात दोन कमिट्या येतात आणि लोक एकीकडेच जातात. नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट हा कार्यक्रम फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा, चालवते. कार्यक्रम असावा का, कोणत्या अटींवर, हे होमलँड सिक्युरिटी कमिटी ठरवते. त्यात यंदा किती पैसे, हे अ‍ॅप्रोप्रिएशन्स कमिटीची होमलँड उपसमिती ठरवते. अ‍ॅप्रोप्रिएशन्सच्या अशा बारा उपसमित्या आहेत आणि बारा खर्चविधेयकं. 2023 साली या अनुदानाला 30.5 कोटी डॉलर होते आणि एका जागेला कमाल 1.5 लाख डॉलर. तुमचा खासदार अ‍ॅप्रोप्रिएशन्सवर नसला तरी तो तिला लेखी मागणी देऊ शकतो आणि इतरांच्या संयुक्त पत्रावर सही करू शकतो. ही पत्रं साधारण मार्च-एप्रिलमध्ये फिरतात, कारण आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं. जुलैमध्ये जाऊन 'निधी वाढवा' म्हटलं तर उशीर झालेला असतो.

मंडळाचा स्वतःचा अर्ज मात्र खासदाराकडे नेऊ नका. तो राज्याच्या नेमलेल्या यंत्रणेमार्फत फेमाकडे जातो. प्रत्येक वास्तूचं धोक्याचं मूल्यमापन, खर्चाचं समर्थन करणारा ठरावीक तक्ता आणि संस्थेचा युनिक एन्टिटी क्रमांक (केंद्र सरकारकडचा नोंदणी क्रमांक) लागतो. राज्यांनी दिलेली मुदत फार थोडी असते, म्हणून क्रमांक आणि मूल्यमापन आधी करून ठेवा. आणखी एक: पैसे बहुतेक वेळा परताव्याने मिळतात. कॅमेरे, दरवाजे, दिवे आधी तुमच्या खात्यातून, मग बिलं दाखवून परत. छोट्या मंदिरांना अनुदान मंजूर होऊनही काम अडतं ते इथे.

दिवाळीच्या सुटीचं थोडक्यात. ग्रेस मेंग यांनी मे 2023 मध्ये दिवाळी डे अ‍ॅक्ट मांडला. केंद्राच्या 11 सुट्ट्यांमध्ये बारावी भरायची होती. मेंग स्वतः अ‍ॅप्रोप्रिएशन्सवर, विधेयक गेलं ओव्हरसाइटकडे, आणि ती काँग्रेस संपेपर्यंत तिथून बाहेर आलं नाही. मुलांना शाळेला सुटी हवी, हा खरा हेतू असेल तर काँग्रेसचा त्यात संबंधच नाही. तो स्कूल बोर्डाचा आणि राज्याच्या विधिमंडळाचा विषय. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांची दिवाळीची सुटी 2023 च्या राज्याच्या कायद्याने आली. या भेटीत हा विषय काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे, वीस मिनिटांत तीन मागण्या बसत नाहीत.

भेटीत

बहुतेक वेळा खासदार पाच मिनिटं येतात, बाकी वेळ लेजिस्लेटिव्ह असिस्टंट, म्हणजे विधेयकांचं काम पाहणारा कर्मचारी, बसतो. निराश होऊ नका, फाइल त्याच्याकडेच असते. एका ऑफिसला 18 कायम कर्मचारी ठेवता येतात, त्यातले बरेच मतदारसंघात असतात. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये एका माणसाकडे सात-आठ विषय. त्याला एका पानाचा कागद द्या. त्यावर विधेयकाचा क्रमांक (याच काँग्रेसचा), ते कुठल्या कमिटीत आहे, तुमच्या मतदारसंघात किती कुटुंबांना लागू होतं, आणि मागणी एका वाक्यात. कुटुंबांचा आकडा अंदाजाने फुगवू नका. मंडळाच्या सभासदयादीतून मोजलेले 140 चालतील, हवेतले 10,000 चालत नाहीत.

मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर विधेयकांसाठी आग्रह धरायला मर्यादित मुभा आहे, उमेदवाराच्या प्रचाराला अजिबात नाही. सरकारी ऑफिसात निवडणूक निधीचा, 'आमच्यातल्या अमुक साहेबांनी देणगी दिली होती' अशा वाक्याचा उच्चारही नको. समोरच्या कर्मचाऱ्याला ती भेट तिथेच थांबवावी लागते. तसंच, कोणाचा वैयक्तिक पासपोर्ट किंवा व्हिसा अडकला असेल तर तो या भेटीत काढू नका. ती कामं मतदारसंघातल्या ऑफिसातली केसवर्करची टीम करते आणि त्यासाठी माहिती पाहण्याच्या संमतीचा सही केलेला अर्ज लागतो.

दोन दिवसांत आभाराची ईमेल आणि तीत मागणी पुन्हा एकदा. तीन आठवड्यांनी विधेयकाच्या पानावर सह्यांची यादी पाहा.

शेवटचं, वेळेचं. 119 वी काँग्रेस 3 जानेवारी 2027 ला संपते आणि त्याआधी 3 नोव्हेंबर 2026 ला निवडणूक आहे. मंडळाला आपला खासदार ज्युडिशिअरीवर हवा असेल तर पत्र पाठवायची वेळ म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर, पसंतीक्रम दिले जातात तेव्हा. पत्र खासदाराच्या चीफ ऑफ स्टाफच्या नावे, आणि एक प्रत त्या प्रदेशाच्या स्टिअरिंग प्रतिनिधीला. जानेवारीत ठराव झाला की नावांचा क्रम पाहा, मग आठवडाभराने उपसमित्या.